चिठ्ठी क्रमांक चारशे अठरा

१

तक्रार तीन ओळींची होती आणि त्या तीन ओळींत एक माणूस गेला होता.

'मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांच्या नंबरवर फोन केला. डॉक्टर लगेच येतात असं सांगितलं. डॉक्टर आले नाहीत. हे तीन वाजता गेले.' खाली थरथरती सही. 'हे' म्हणजे कोण, ते लिहायला बाई विसरली होती. पण ते न कळणारा वाचक कुठे भेटणार?

दुपारी एक ते पाच दवाखाने बंद असतात, माणसं मात्र त्या वेळेतही आजारी पडतात. म्हणून त्या चार तासांत दवाखान्यांचे फोन कंपनीच्या संदेश केंद्रांकडे वळवलेले असतात; केंद्राने निरोप घ्यायचा आणि लगेच डॉक्टरांच्या घरच्या नंबरवर पोचवायचा. केंद्र म्हणजे फार काही नाही, कुणाच्या तरी घरातली एक खोली. पाटी कंपनीची, यंत्रं कंपनीची, नियम कंपनीचे. खोली, वीज आणि राबणारं माणूस तेवढं घरचं. या व्यवस्थेला फ्रँचायझी म्हणतात, आणि घरबसल्या स्वतःचा व्यवसाय असंही म्हणतात. दुसरं म्हणणं जाहिरातीतलं आहे.

तक्रार गुरुवारी कंपनीत आली आणि शुक्रवारी सकाळी निरीक्षक कात्रीबाई चौकशीला निघाल्या. हे त्यांचं नाव नव्हे. तोंडावर सगळे मॅडम म्हणत. पण तीस वर्षांत त्यांनी इतकी केंद्रं बंद केली होती, की पाठ वळली की त्यांची कात्री व्हायची. त्यांना हे ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या.

चौकशीचा हुकूम नेहमीच्या छापील फॉर्मवर होता. केंद्र, वार, वेळ, कितवी लाइन, चिठ्ठी क्रमांक, कसूर. एकही रकाना रिकामा नव्हता. लाइन पहिली. चिठ्ठी क्रमांक ४१८, गहाळ. कसूर : केंद्रचालकाचा निष्काळजीपणा. भरणारा विभागप्रमुख म्हणजे बाईंचा सख्खा भाचा. बहीण गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. बाईंनीच त्याला वाढवलं, कंपनीत लावलं, कामही शिकवलं. त्याचं ते गोल, स्वच्छ अक्षर पाहून त्यांना बरं वाटलं. फॉर्म असा भरावा!

इमारतीच्या दाराशी केंद्राची पाटी होती. जिना चढता चढता बाईंनी पाटीवरचा नंबर शेवटच्या आकड्यापासून पहिल्यापर्यंत पुटपुटून घेतला. जुनी खोड, दुसरं काय.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते केंद्र चालवणाऱ्या बाईने. डॉक्टरांपासून कंपाउंडरपर्यंत सगळा विभाग तिला वहिनी म्हणत असे. चाळिशीची, डोळ्यांखाली काळं, आवाज मात्र इतका शांत की ऐकणाऱ्याचा ताप उतरावा.

खोली लख्ख होती. दोन समोरासमोरच्या भिंतींना दोन टेबलं, प्रत्येकावर एक लाइन. दोन्ही खुर्च्यांची तोंडं भिंतीकडे, कारण नियम तसा होता : घरातल्या माणसांकडे नजर जाऊ नये. कानावर हेडफोन असायचा. घंटा नाही, फोन आला की लाल दिवा. बोलणं कुठेही टिपून ठेवायचं नाही, रुग्णाची खाजगी बाब. फक्त फोन कधी आला आणि किती वेळ चालला, याची नोंद कंपनीच्या यंत्रात व्हायची. निरोप मात्र दोन प्रतींच्या छापील चिठ्ठीवर लिहायचा, कारण कागद बंद पडत नाही. कोपऱ्यात चिठ्ठ्यांच्या नव्या पुस्तकांचा गठ्ठा होता. त्याची हिरवी फीत अजून सोडलेली नव्हती.

बाईंनी पहिल्या लाइनचं पुस्तक उघडलं. चारशे सतरा. पुढचं पान चारशे एकोणीस. मधे दोन फाटक्या कडा, दोन्ही प्रती गेलेल्या.

वहिनींनी वाकून पाहिलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "हे... हे कधी झालं? नंबर आम्ही महिनाअखेरीला ताडतो हो. मला माहीतच नाही."

"दोन दहाला पहिल्या लाइनवर फोन आला. दोन मिनिटं चालला. तुम्ही कुठे होतात?"

"दुसऱ्या लाइनवर. दोन सहा ते दोन एकोणीस. एका बाळंतिणीच्या सासूबाई होत्या, सोडेनात." वहिनींनी यंत्रातली नोंद दाखवली. खरीच होती.

"मग ही पहिली लाइन घेतली कुणी?"

वहिनींनी पुस्तक मिटलं. मग आतल्या दाराकडे न बघता हळूच म्हणाल्या, "दोन ते तीन गर्दीचा तास, तेव्हा त्या खुर्चीवर माझा नवरा बसतो."

२

नवरा आला तो हात पुसत. दीड वर्षापूर्वी त्याचा कारखाना बंद पडला होता, तेव्हापासून तो घरी होता.

"मी बसलो होतो," तो म्हणाला. "फोन आलाच नाही."

"यंत्रात दोन मिनिटांची नोंद आहे."

"मग यंत्राला विचारा."

"लाल दिवा लागलेला मी पाहिला," वहिनी मधेच म्हणाल्या. "समोरच्या तसबिरीच्या काचेत तेवढाच दिसतो मला. लागला आणि विझला. पाठीमागे खुर्ची करकरली, हेडफोनमुळे तेवढंच कानावर आलं. मी मनात म्हटलं, चला, बसले एकदाचे जागेवर. आणि आता कानावर हात ठेवताय? एक माणूस गेलाय!"

"तू माझ्यावर खापर फोडू नकोस."

"मग कुणावर फोडू? मी तेरा मिनिटं तिकडे बांधलेली. त्या तासाला त्या खुर्चीवर बसणारं माणूस या घरात एकच."

बाईंनी त्यांना भांडू दिलं. घरातल्या भांडणात चौकशी आपोआप होते, हा त्यांचा अनुभव होता. त्या आत डोकावल्या. खुंटीवर इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, कॉलरला घामाची रेघ. घरात बसणारा माणूस आठवड्याच्या मधे कडक इस्त्री कुणासाठी करतो?

"मंगळवारी हा शर्ट घालून कुठे गेला होतात?"

तो दचकला. वहिनींकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग एकदम आवाज चढवून म्हणाला, "नोकरी मागायला गेलो होतो! एका गोदामात, हिशोबनीसाची जागा होती. दीडला निघालो. साडेतीनपर्यंत बाकावर बसवून ठेवलं आणि वय जास्त झालंय म्हणून घरी पाठवलं. झालं समाधान?"

"तुम्ही खुर्ची सोडून गेलात? मला न सांगता? मी वळले तेव्हा खुर्ची रिकामी होती, मला वाटलं फोन घेऊन आत जाऊन पडलात!" वहिनींचा तो शांत आवाज पहिल्यांदाच फाटला.

"सांगून काय झालं असतं? रोज दुपारी एक तास बायकोच्या हाताखाली भिंतीकडे तोंड करून बसतो मी. शाळेत शिक्षा म्हणून बसवायचे तसा. आणि खरं सांगायचं तरी कसं? खुर्ची रिकामी म्हणजे कलम नऊ. केंद्र बंद."

कलम नऊ म्हणताच तिघंही थांबली. 'नेमलेल्या वेळी खुर्ची रिकामी आढळल्यास केंद्र तत्काळ बंद करण्यात येईल.' वहिनींनी पाच वर्षं घासून उभं केलेलं काम त्या एका ओळीवर टांगलेलं होतं, आणि ती ओळ तोडायला आलेली कात्री समोर बसली होती.

बाईंनी गोदामात फोन लावला. तिथल्या माणसाने हसत सांगितलं, हो, आले होते एक गृहस्थ, बरोबर साडेतीनपर्यंत होते, फार बोलत होते.

म्हणजे नवरा घरी नव्हता. वहिनी दुसऱ्या लाइनवर होत्या. घरात उरलं तिसरं माणूस, सासू.

सासूबाईंची खाट पॅसेजमध्ये होती, फ्रिज आणि बाहेरचं दार यांच्या मधल्या जागेत. केंद्राची खोली पाच वर्षांपूर्वी त्यांची होती.

"काकू, मंगळवारी दोन वाजता तुम्ही कुठे होतात?"

"इथे. दुसरीकडे कुठे असणार? या घरात खोल्या फोनला आहेत, माणसांना पॅसेज आहे."

"फोन तुम्ही घेतलात?"

"मला त्या खोलीत पाय टाकायची बंदी आहे. नियम आहे म्हणे तुमचा."

"परकं कोणी आलं होतं?"

"परकं कोणी नाही," सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे वळून पडल्या.

घरात तीन माणसं, तिघांनीही फोन घेतला नव्हता. फोन मात्र घेतला गेला होता.

३

गेलेल्या माणसाची बायको दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. तिने बाईंना बसायला खुर्ची दिली आणि लगेच म्हणाली, "त्या दुसऱ्या खुर्चीवर नको हं. ती यांची."

"फोनवर बाई होती की पुरुष?"

"पुरुष. आवाज चांगला होता हो, मऊ. 'घाबरू नका, त्यांना बसतं करा, आडवं करू नका' म्हणाला. आपलं माणूस बोलतंय असं वाटलं. म्हणून तर मी थांबले! नाहीतर शेजाऱ्यांना हाक मारली असती, गाडी काढली असती. त्याने सांगितलं डॉक्टर दहा मिनिटांत येतात. मी जिन्याकडे कान लावून बसले. दहाची वीस झाली, वीसची चाळीस. एवढा गोड बोलणारा माणूस विसरेल कसा, असं मला वाटलं."

ती रडत नव्हती. रडून झालं होतं, आता नुसती चीड उरली होती.

"आणखी काय बोलला?"

"पत्ता घेतला. नंबर घेतला. आणि मग चमत्कारिकच. माझाच नंबर मला उलटा म्हणून दाखवला."

"उलटा म्हणजे?"

"शेवटच्या आकड्यापासून मागे मागे. मला कळेच ना. म्हटलं, अहो, हे काय? तर म्हणाला, 'सावकाश ताडून बघा, चूक नको व्हायला.' इकडे यांचा जीव चाललाय आणि मी बोटांवर आकडे मोजतेय. हे माझ्याकडे बघत होते. काय वाटलं असेल त्यांना?"

बाईंच्या हातातलं पेन थांबलं.

"तुम्हाला पाणी देऊ का?" ती म्हणाली. "तुमचा चेहरा असा का झाला?"

४

कंपनी नवी होती तेव्हा लाइनी खराब होत्या. नंबर वाचून दाखवला की पलीकडचा माणूस न ऐकताच हो हो म्हणायचा, आणि डॉक्टर भलत्यालाच फोन करायचे. तेव्हा एका हुशार तरुण निरीक्षक बाईने युक्ती काढली : नंबर उलटा म्हणायचा. मग ऐकणाऱ्याला लक्ष द्यावंच लागतं. वर्षभरातच गिऱ्हाइकं वैतागली आणि कंपनीने तो प्रकार बंद केला. तेवढ्या वर्षात तो तीन जणांच्या तोंडी बसला होता. एक बाई नोकरी सोडून परदेशी गेली. एक ती युक्ती काढणारी, म्हणजे स्वतः कात्रीबाई. आणि तिसरा नुकताच कामाला लागलेला एक पोरसवदा मुलगा. स्वयंपाकघरात पोळपाटाशेजारी बसवून बाईंनी त्याच्याकडून नंबर घोकून घेतले होते.

त्या तिसऱ्याचं नाव मनात यायच्या आत बाई उठल्या आणि झपझप केंद्राकडे निघाल्या. योगायोग असतात. माणसं तऱ्हेवाईक असतात. नवऱ्याचा कुणी मित्र असेल, शेजारी असेल. वड्याचं तेल वांग्यावर कशाला काढायचं?

"लिहून घ्या," त्यांनी दारातच नवऱ्याला एक नंबर सांगितला. "आता म्हणून दाखवा."

त्याने सरळ म्हणून दाखवला. वहिनींनीही सरळच म्हटला. प्रशिक्षणाच्या पुस्तकात उलट्या नंबराचा कुठे उल्लेख नव्हता. बाईंना तो असणार नाही हे ठाऊक होतं, तरी त्यांनी तीनदा पानं चाळली.

मग त्यांनी हुकुमाचा फॉर्म काढला, आणि सकाळी ज्याचं कौतुक वाटलं होतं त्याच रकान्यावर नजर खिळली.

"वहिनी, चिठ्ठी गहाळ असल्याचं तुम्ही कंपनीत कधी कळवलं?"

"मी? मला आज सकाळी तुमच्यासमोरच कळलं."

तक्रारीत चिठ्ठीचा नंबर नव्हता. यंत्रात चिठ्ठीचा नंबर जात नाही. पुस्तक या खोलीतून बाहेर गेलं नव्हतं. मग आपल्या टेबलाशी बसून हुकूम भरणाऱ्या माणसाने गुरुवारीच 'चारशे अठरा, गहाळ' असं कुठे पाहून लिहिलं? ज्याच्यासमोर ती चिठ्ठी होती, त्यालाच ते लिहिता येणार. आणि लिहिलं का? रकाना होता म्हणून. 'रकाना रिकामा सोडायचा नाही, जीव गेला तरी,' हेही त्याला बाईंनीच शिकवलं होतं.

"आणि तो गठ्ठा?" त्यांनी हिरव्या फितीकडे बोट दाखवलं. "कधी आला?"

"मंगळवारीच. मी दुसरी लाइन ठेवून वळले तर टेबलावर होता. सासूबाईंनी घेऊन ठेवला असेल असं वाटलं."

"ज्यांना खोलीत पाय टाकायची बंदी आहे, त्यांनी?"

वहिनींनी तोंड उघडलं आणि मिटलं.

बाई पॅसेजमध्ये गेल्या. खाटेच्या कडेवर बसल्या. "काकू, सकाळी माझा प्रश्न चुकला. परकं कोणी नव्हतं आलं. मग आपलं कोण आलं होतं?"

सासूबाईंनी गोधडी डोक्यावर ओढली.

"फोनवर पुरुषाचा आवाज होता. मी तुमच्या मुलाचं नाव लिहिलं, तर उद्या पोलीस त्यालाच घेऊन जातील."

सासूबाई ताडकन उठून बसल्या. "तो घरात नव्हता! त्याचं नाव कशाला? फोन तर तुमच्या साहेबाने घेतला. नेहमी येतो तो गोरा, गोड बोलणारा. मीच दार उघडलं. गठ्ठा घेऊन आला, रिकाम्या खुर्चीवर बसला, फोन घेतला, लिहिलं, कागद फाडून खिशात घातला आणि स्वतःचा फोन कानाला लावून निघून गेला. जाताना मला नमस्कारसुद्धा केला."

"आई!" वहिनी दारात उभ्या होत्या. "तुम्हाला सगळं माहीत होतं? सकाळपासून मी यांना काय काय बोलले, आणि तुम्ही ऐकत पडून राहिलात?"

"मला कुणी विचारलं? आणि का सांगू? पाच वर्षं मी फ्रिजची घरघर ऐकत झोपते. म्हटलं, जातंय केंद्र तर जाऊ दे. निदान मरायला माझी खोली तरी मिळेल."

वहिनी भिंतीला टेकल्या. नवरा स्वयंपाकघरात पाठ करून उभा होता. सकाळच्या बोलण्यातला एक शब्दही आता परत घेता येण्यासारखा नव्हता, आणि ते दोघांनाही कळलं होतं.

बाई मात्र वेगळ्याच घराचा विचार करत होत्या. विभागप्रमुखाचं ऑफिसही घरातच होतं. बाईंच्या घरातली मागची खोली त्यांनी आपल्या हाताने त्याला रिकामी करून दिली होती.

५

संध्याकाळी पाचला त्या घरी पोचल्या तेव्हा भाचा कामातच होता. खोलीचं दार उघडं, टेबल नीटनेटकं.

"झाली का गं कापाकापी, मावशी?" त्याने न बघता विचारलं.

"होतेय. आधी एक नंबर घे लिहून. मुख्य कचेरीला द्यायचाय, घाईचं आहे." बाईंनी त्या बायकोचा नंबर सांगितला, भराभर, दम न घेता.

त्याने लिहिला. आणि शेवटच्या आकड्यापासून पहिल्यापर्यंत, मऊ आवाजात, म्हणून दाखवला. पहिल्या आकड्याशी येता येता त्याचा आवाज बारीक झाला. नंबर त्याच्या ओळखीचा होता.

बाईंनी खोलीचं दार लावून घेतलं.

"चिठ्ठी कुठे आहे?" बाई म्हणाल्या.

त्याने खणातून काढली. दोन्ही प्रती. 'छातीत कळ. घाम. लवकर.' गोल, स्वच्छ अक्षर. एकही रकाना रिकामा नव्हता.

"मी मुद्दाम नाही केलं गं," तो म्हणाला. "डॉक्टरांना लगेच लावला होता फोन. एंगेज. म्हटलं, खाली उतरता उतरता लावू. तेवढ्यात मुख्य कचेरीचा फोन आला, साहेब बोलत राहिले, मी गाडीत बसलो. रात्री खिसा रिकामा करताना सापडली. तोवर... आता काय उपयोग होता सांगून?"

"म्हणून दोष वहिनींच्या माथी मारलास. निष्काळजीपणा. आणि चौकशीला मलाच पाठवलंस. कळेल अशी भीती नाही वाटली?"

त्याने पेनाला टोपण लावलं. मग जे बोलला ते बाईंना जन्मभर पुरेल असं होतं. "तू चौकशी कधी करतेस, मावशी? तू कापतेस. जातेस, एक पान उणं दिसलं की बंद करून येतेस. मला वाटलं, दुपारी जेवायला घरी येशील."

बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. नऊ वर्षांचा असताना ताप आला की तो त्यांच्या याच मुठीत बोट घालून झोपायचा.

"मी खरं ते लिहिणार."

"लिही. पण सगळं लिहावं लागेल. त्या नवऱ्याने फोन घेतला नाही हे दाखवायला तो घरी नव्हता असं लिहावं लागेल. तो घरी नव्हता म्हणजे खुर्ची रिकामी. कलम नऊ. केंद्र तसंही बंद, असंही बंद. मग मला कशाला बुडवतेस? ते वाचत असतील तर गोष्ट वेगळी."

हिशोब चोख होता. तोही त्याला त्यांनीच शिकवला होता.

बाईंनी त्याच टेबलावर बसून अहवाल लिहिला. भाच्याचं नाव लिहिलं, चिठ्ठी जोडली. नवऱ्याच्या साक्षीपाशी हात बराच वेळ अडला, पण ती गाळली तर अख्खा अहवाल लंगडा पडत होता आणि उद्या कुणीही म्हणालं असतं की नवऱ्यानेच फोन घेतला. त्यांनी ती लिहिली. शेवटी, तीस वर्षांत कधी लिहिलं नव्हतं ते वाक्य लिहिलं : 'केंद्र सुरू ठेवावे, ही विनंती.'

भाचा दुसऱ्या दिवशी आपलं सामान घेऊन गेला. जाताना वाकून नमस्कार केला नाही.

६

उत्तर आठ दिवसांनी आलं आणि ते हाताने द्यायला बाई स्वतः गेल्या. दुपारचे चार वाजले होते.

खोलीत वहिनी एकट्याच होत्या. नवरा आता आतल्या खोलीत वेगळा झोपतो, हे बाईंना पॅसेजमध्येच सासूबाईंनी सांगून टाकलं होतं.

"तुमच्यावर ठपका नाही," बाई म्हणाल्या. "गेलेल्या गृहस्थांच्या पत्नीलाही मी सांगून आले. कंपनी त्यांना लेखी कळवणार आहे की चूक केंद्राची नव्हती."

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, त्याचं नाव कळून मी काय करू."

वहिनींनी कागद हातात घेतला. पहिला परिच्छेद वाचताना त्यांच्या खांद्यांवरचं ओझं थोडं उतरलं. दुसऱ्या परिच्छेदापाशी त्या थांबल्या.

'विभागप्रमुखांना समज देऊन त्यांची अन्य विभागात बदली करण्यात आली आहे. तथापि चौकशीत खुर्ची रिकामी असल्याचे निष्पन्न झाल्याने कलम नऊनुसार केंद्र हे पत्र मिळताच बंद समजावे. विनंतीचा विचार करता येत नाही. या कलमाला अपवाद नसावा, असे निरीक्षकांचेच पूर्वीचे लेखी मत आहे.'

"म्हणजे ज्याने चिठ्ठी खिशात घातली त्याची बदली," वहिनी सावकाश म्हणाल्या, "आणि जी तेरा मिनिटं एका घाबरलेल्या बाईला धीर देत होती, ती घरी. घरीच होते म्हणा मी, आता आणखी कुठली घरी जाणार!" त्या हसल्या, आणि ते हसणं ऐकवत नव्हतं. "हे कलम लिहिलं कुणी हो? एकदा तोंड बघायचंय त्याचं."

"मी," बाई म्हणाल्या.

वहिनींनी वर पाहिलं. पाहत राहिल्या. राग यायला सुद्धा अंगात बळ लागतं, ते त्यांच्यात उरलं नव्हतं.

पॅसेजमधून सासूबाईंचा आवाज आला. "झालं का वाचून? मग माझी खाट कधी आत घ्यायची?"

तेवढ्यात पहिल्या लाइनचा लाल दिवा लागला.

वहिनींचा हात सवयीने पुढे झाला आणि मधेच थांबला. पत्र मिळालं होतं. केंद्र बंद समजायचं होतं. दिवा लुकलुकत राहिला. पलीकडे कुणीतरी कुणाजवळ तरी बसून वाट पाहत होतं.

"उचलू की नको, मॅडम?" वहिनींनी विचारलं. "आता नियम काय म्हणतो?"

बाई पुढे झाल्या. रिकाम्या खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि हेडफोन कानाला लावला.

"नमस्कार, डॉक्टरांचा दवाखाना. बोला." त्या ऐकत राहिल्या. लहान मूल होतं, तापात झटके आले होते. त्यांनी पुस्तक ओढलं, पत्ता लिहिला, नंबर लिहिला. नंबर म्हणून दाखवताना जीभ सवयीने शेवटच्या आकड्याकडे वळली. त्यांनी ती आवरली आणि नंबर सरळ म्हणून दाखवला.

चिठ्ठी फाडून त्यांनी मागे हात केला. वहिनींनी ती घेतली आणि दुसऱ्या लाइनवरून डॉक्टरांचा नंबर लावला.

"एंगेज," वहिनी म्हणाल्या.

"पुन्हा लावा," बाई म्हणाल्या.

वहिनींनी पुन्हा लावला.